घसा दुखतोय, पण श्वास मोकळा आहे ना?

यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळचे राजूर हे कोळशाच्या खाणीसाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ओळखले जाते. अशा गावात एखादा विद्यार्थी 'घसा दुखतो' म्हणाला, की पहिला संशय धुळीवर जातो. तो निराधार नाही. कळीच्या चुन्याचा ओलाव्याशी संयोग झाला की उष्णता बाहेर पडते आणि दाहक असा विरलेला चुना तयार होतो. घशाचे अस्तर ओलेच असते. मात्र नुसत्या धुळीने ताप येत नाही. ताप असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

बहुतेक वेळा ते कारण म्हणजे सर्दीचे विषाणू. नाक वाहते, खोकला येतो आणि साधारण आठवड्यात बरे वाटते. प्रतिजैविकांचा इथे उपयोग नसतो. काही मुलांना मात्र स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंची लागण होते. खोकला नसतो, ताप एकदम चढतो, गळ्यातल्या गाठी दुखतात. उपचार अपुरे राहिले तर काही आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच सोडू नये.

तातडीच्या विभागातले डॉक्टर मात्र 'जंतू कोणता?' हे नंतर पाहतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'हवेची वाट उघडी आहे का?' असे का, ते आपण गणिताने पाहू. अरुंद नळीतून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. ४ मिलिमीटर त्रिज्येची वाट १ मिलिमीटर सुजली तर अडथळा सुमारे तिप्पट होतो. तीच सूज २ मिलिमीटर त्रिज्येच्या वाटेत आली तर तो १६ पट होतो! लहान मुलांच्या बाबतीत घाई करायची ती यासाठी. वर्गात एका जाड आणि एका बारीक नळीने पाणी ओढायला लावले, तर हा फरक मुलांना सहज जाणवेल.

अशी सूज आणणारी कारणे थोडी, पण गंभीर आहेत. टॉन्सिलमागे पू साठला की तोंड उघडत नाही आणि तोंडात घास असल्यासारखा आवाज येतो. गिळताना श्वासमार्ग झाकणारे झाकण सुजले की लाळही गिळवत नाही. घटसर्पात घशात करडा पडदा धरतो आणि जिवाणूंचे विष हृदयापर्यंत पोचते. अडकलेले हाड किंवा गिळलेला चुना हीही तातडीचीच कारणे.

लाळ गळणे, श्वास घेताना आवाज येणे, मान ताठणे, ओठ निळसर पडणे, यांतले एक जरी लक्षण दिसले तरी घसा पाहण्यासाठी चमचा घालू नये. मुलाला आडवे न करता बसू द्यावे. चुना गिळला असेल तर उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घटसर्पाला रोखणारी लस आहे. २०१९ पासून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताच्या लशीऐवजी धनुर्वात व घटसर्प या दोहोंवरची 'टीडी' लस दिली जाते. शाळेत लसीकरण असेल त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी आरोग्यसेविकेकडे आवर्जून द्यावी, एवढी आमची शिक्षकांना विनंती आहे.