दहा सेंटचं कॉमिक, साठ लाख डॉलर्सची किंमत!

जून १९३८ ही तारीख छापलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक अमेरिकेत दहा सेंटला मिळत होता. कव्हरवर निळ्या ड्रेसमधला एक माणूस हिरवी मोटार दोन्ही हातांनी उचलून आपटतोय. हाच तो सुपरमॅनचा पहिला अंक. याच अंकाची एक चांगली राहिलेली प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलर्सना गेली!

आता कोणीही विचारेल, की कागद, शाई आणि दोन स्टेपल पिना, यात एवढं आहे तरी काय? गोष्ट तर आज पुन्हा छापलेल्या पुस्तकात थोडक्या पैशांत वाचायला मिळते. म्हणजे हे पैसे गोष्टीचे नाहीत. मग कशाचे? जुनी कॉमिक्स आणि त्यांची मूळ चित्रं जमवणं या छंदात इतिहास आहे, केमिस्ट्री आहे, प्रिंटिंग टेक्नॉलॉजी आहे आणि थोडं इकॉनॉमिक्ससुद्धा आहे. म्हटलं, आपल्या मॅगझिनमध्ये यावर लिहायला हरकत नाही.

जुनं म्हणून महाग? मुळीच नाही!

पहिला गैरसमज असा, की वस्तू जुनी झाली की आपोआप महाग होते. तसं असतं तर आपल्या हॉस्टेलच्या गाद्या म्युझियममध्ये असत्या! किंमत तीन गोष्टींवर ठरते. किती प्रती उरल्या आहेत, त्या किती लोकांना हव्या आहेत आणि प्रतीची अवस्था कशी आहे.

'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या होत्या. आज जेमतेम शंभर उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कुठे? एकतर मुलांनी वाचून, दुमडून, खिशात कोंबून संपवल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात शाळकरी मुलांनी आपली कॉमिक्स देशासाठी देऊन टाकली. युद्धानंतर कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड सुरू झाली आणि १९४८ च्या सुमारास काही गावांत चक्क कॉमिक्सच्या होळ्या झाल्या. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्सच्या विरोधातलं पुस्तक आलं आणि उरल्यासुरल्या गठ्ठ्यांवर आयांनी हात फिरवला. थोडक्यात, कोणीही जपून ठेवलं नाही म्हणून ते दुर्मिळ झालं.

याच्या बरोबर उलटं उदाहरण १९९१ चं आहे. 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक तेव्हा ८० लाखांहून जास्त खपला. पुढे मुलांच्या कॉलेजची फी यातून निघेल, अशा आशेने लोकांनी एकेका अंकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती घेतल्या आणि पिशवीत घालून ठेवल्या. सगळ्यांनीच जपून ठेवलं, त्यामुळे तो कधी दुर्मिळ झालाच नाही. हा फुगा फुटला तेव्हा शेकडो दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द 'मार्व्हल' कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून या छंदात पडू बघणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

कागदाची केमिस्ट्री

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे कागद. कॉमिक्स छापायची ती न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर. हा कागद लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात सेल्युलोजबरोबर लिग्निनही तसंच राहतं. लिग्निन म्हणजे झाडात तंतूंना धरून ठेवणारा नैसर्गिक गोंद. हवा आणि प्रकाश लागला की लिग्निनचं ऑक्सिडेशन होतं, कागद पिवळा पडतो आणि आम्ल तयार होतं. ते आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जातं. साखळ्या आखूड झाल्या की कागद ठिसूळ होतो आणि पान उलटताना कोपरा हातात येतो. जुन्या पुस्तकांचा तो खास वास आपल्याला आवडतो ना? तो बराचसा या मोडतोडीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचा असतो. म्हणजे वास येतोय याचा अर्थ कागद हळूहळू मरतोय!

उष्णता आणि ओलावा या क्रियेला जोर देतात. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की रिअ‍ॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो. अर्हेनिअस साहेब फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत भेटले होते, ते इथेही पाठ सोडत नाहीत.

याचा सगळ्यात भारी पुरावा १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मिळाला. एडगर चर्च नावाच्या एका चित्रकाराने १९३० च्या दशकापासून हजारो कॉमिक्स विकत घेऊन घरात एकावर एक रचून ठेवली होती. कोलोरॅडोची हवा थंड आणि कोरडी. शिवाय गठ्ठे गच्च रचलेले, त्यामुळे आत हवा आणि उजेड जायला जागाच नाही. चाळीस वर्षांनी गठ्ठे उघडले तेव्हा आतली पानं पांढरी आणि रंग ताजे होते! चक रोझान्स्की या दुकानदाराने ती सगळी विकत घेतली आणि 'माइल हाय कलेक्शन' म्हणून ती प्रसिद्ध झाली. आजही या संग्रहातली प्रत म्हटलं की किंमत वर जाते.

मार्क देणारे लोक

प्रत 'चांगली' म्हणजे किती चांगली? विकणारा म्हणणार मस्त आहे, घेणारा म्हणणार फाटकी आहे. १९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी कॉमिक्सच्या किमतींचं आपलं पहिलं गाइड काढलं, तेव्हापासून अवस्थेला ठरलेली नावं मिळाली. २००० साली सीजीसी ही कंपनी आली. ती पैसे घेऊन प्रत तपासते, ०.५ ते १० मध्ये ग्रेड देते आणि प्रत कडक प्लॅस्टिकच्या डबीत सील करून टाकते. घडी, डाग, पिनांचा गंज, पानांचा रंग, कणा कुठे पांढरा पडलाय, सगळ्याचे मार्क कापले जातात. आपल्या युनिव्हर्सिटीचे एक्झॅमिनर त्यांच्यापुढे दयाळू वाटतील!

फाटलेलं चिकटवलं किंवा उडालेला रंग पुन्हा भरला असेल तर लेबल जांभळं मिळतं आणि किंमत बरीच घसरते. म्हणजे प्रत दिसायला सुंदर झाली तरी भाव कमी. मला आधी हे विचित्र वाटलं. पण कलेक्टरला वस्तू जशी उरली तशी हवी असते, मेकअप केलेली नको. मात्र त्या डबीचं एक दुःख आहे. सील केलेलं कॉमिक उघडता येत नाही. ज्या वस्तूचा जन्मच वाचण्यासाठी झाला, ती फक्त बघायची! हे कितपत बरोबर, यावर कलेक्टर लोकांमध्ये आजही वाद होतात.

फसवणूकही चालते. १९७४ मध्ये डीसी कंपनीने 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक मोठ्या आकारात जसाच्या तसा पुन्हा छापला होता. त्याचं बाहेरचं वेगळं कव्हर काढून टाकलं की आत हुबेहूब १९३८ चा अंक. कित्येकांना तो खरा म्हणून विकला गेला. ओळखायचं कसं? सोपं आहे, पट्टीने मोजायचं! नक्कल मूळ अंकापेक्षा चांगली मोठी आहे. सांगायचा मुद्दा असा, की भावनेच्या भरात पैसे देण्याआधी मोजमाप करावं.

ओरिजिनल आर्ट, म्हणजे एकुलती एक वस्तू

छापील कॉमिकच्या लाखो प्रती असतात, पण ज्या चित्रावरून ते छापलं ते पान जगात एकच. जाड ब्रिस्टॉल बोर्डवर आधी पेन्सिल, मग फुग्यांतली अक्षरं, मग ब्रश आणि निबने काळी शाई. पेन्सिल, अक्षरं आणि शाई ही कामं बऱ्याचदा वेगवेगळी माणसं करायची. पान छापील आकारापेक्षा मोठं काढायचे, कारण फोटो काढून लहान केलं की रेषेतल्या बारीक चुका झाकल्या जातात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत हे चित्र जवळजवळ दुप्पट असायचं, नंतर ते सुमारे १० बाय १५ इंचावर आलं. सूचना लिहायला फिकट निळी पेन्सिल वापरत. का? तर छपाईच्या फिल्मला तो निळा पांढऱ्यासारखाच दिसतो, म्हणजे खोडायची कटकट नाही. काय डोकं आहे!

म्हणूनच मूळ पान हातात आलं की चित्रकार विचार करताना दिसतो. इथे पांढरा रंग लावून नाक बदललंय, तिथे चिठ्ठी चिकटवून संवाद बदललाय, मार्जिनमध्ये काहीतरी खरडलंय. छापील नक्कल आहे की मूळ, हे बघायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. छपाईत ठिपके दिसतात, तर मूळ चित्रात सलग शाई आणि ब्रशचे फटकारे.

या पानांचं त्या काळी काय व्हायचं? छापून झालं की काम संपलं. काही फाडली गेली, काही कोणालातरी भेट दिली, काही गोडाऊनमध्ये पडून राहिली. चित्रकाराला ती परत मिळत नसत. जॅक कर्बी या चित्रकाराने 'मार्व्हल'ची कितीतरी पात्रं उभी केली, पण स्वतःची पानं परत मिळवायला त्याला काही वर्षं भांडावं लागलं. १९८७ मध्ये कंपनीने परत केली ती दोन हजारांच्या आसपास, त्याने काढली होती त्याच्या कितीतरी पट जास्त. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर यांची कथा तर आणखी बोलकी आहे. त्यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलर्सना विकले. ती रक्कम ज्या चेकमध्ये होती, तो चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलर्सना गेला! जानेवारी २०२२ मध्ये माइक झेक यांनी काढलेलं १९८४ च्या स्पायडरमॅनच्या गोष्टीतलं एक पान ३३ लाख डॉलर्सच्या वर गेलं. अशा विक्रीतला पैसा पानाच्या त्या वेळच्या मालकाला मिळतो. चित्र काढणाऱ्याच्या हातात पान उरलंच नसेल, तर त्याला त्यातलं काही मिळत नाही.

एक चांगली गोष्टही सांगते. स्पायडरमॅनची अगदी पहिली गोष्ट स्टीव्ह डिटको यांनी काढली होती. ती गोष्ट ज्या अंकात आली, त्या अंकाची २४ मूळ पानं २००८ मध्ये कोणीतरी नाव न सांगता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. विकली असती तर सात पिढ्यांची सोय झाली असती!

आणि आपला वेताळ?

आपल्याकडे 'इंद्रजाल कॉमिक्स' मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केली. ली फॉक यांचा 'फँटम' इथे 'वेताळ' झाला. मूळ पट्टीतल्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, म्हणून इथे ते 'डेंकाली' केलं. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा अस्सल देशी 'बहादूर' आला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. १९९० मध्ये मालिका बंद पडली तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. त्याआधी १९६७ मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आपली मराठी मंडळी त्यात चित्रं काढत होती.

मी इंग्लिश मीडियमची, 'टिंकल' इंग्लिशमधून वाचत मोठी झाले. मराठी इंद्रजाल पहिल्यांदा पाहिलं ते मामाच्या ट्रंकेत. "अगं, ही रद्दी काढायचीच आहे, हवी तर घेऊन जा," एवढंच मामा म्हणाला. पिनांना गंज चढलेला, कडा तपकिरी, दोन अंक कसरीने खाल्लेले. कोकणातला पावसाळा म्हणजे कोलोरॅडोच्या बरोबर उलटा! पण आतला वेताळ मराठीत बोलत होता, आणि सुपरमॅनसारखी त्याची नवी आवृत्ती मला दुकानात मिळणार नव्हती. तेव्हा कळलं, की किंमत आणि मोल हे दोन वेगळे शब्द आहेत.

आपण काय करू शकतो?

खर्च फारसा नाही. पॉलिएस्टरची किंवा पॉलीप्रॉपिलीनची पिशवी घ्यावी. पीव्हीसीची नको, त्यातलं प्लॅस्टिसायझर शाईला चिकटतं. मागे आम्लरहित पुठ्ठा घालावा. अंक खोक्यात उभे ठेवावेत, भिंतीला टेकवू नयेत, उन्हात तर मुळीच नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, पण त्या अधूनमधून गरम करून वाळवाव्या लागतात. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. 'अमर चित्र कथा' घेताना छापील किंमत आणि नंबर बघा. एकच अंक अनेकदा छापला गेलाय, आणि नंबर ५०० च्या पुढचा असेल तर ती नंतरची आवृत्ती. ठिसूळ अंकाचे एकदा नीट फोटो काढून ठेवा, म्हणजे वाचायला पुन्हापुन्हा हाताळावा लागणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी साफसफाई निघेल. माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याआधी एकदा सोडून बघा. आपल्या सर-मॅडमपैकीही कित्येकांचं लहानपण इंद्रजालमध्ये गेलं असणार, त्यांनीही जरूर बघावं. त्यातून साठ लाख डॉलर्स निघणार नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवते. पण मराठी बोलणारा वेताळ जपायचा तर तो आपल्याच घरांतून जपला जाणार. अमेरिकेतला कलेक्टर काही तो शोधत आपल्या माळ्यावर चढणार नाही!