प्रोग्राम काढला, पण गेला का?

विंडोजमधून प्रोग्राम काढला की तो पूर्ण जातोच असे नाही. कंट्रोल पॅनेलमधून ‘अनइन्स्टॉल’ दाबल्यावर बहुधा त्या प्रोग्रामचाच अनइन्स्टॉलर चालतो. तो गबाळा लिहिलेला असेल तर मागे बरेच काही उरते: ‘प्रोग्राम फाइल्स’मधले फोल्डर, लपलेल्या ‘अ‍ॅपडेटा’तल्या सेटिंग्ज, रजिस्ट्रीतल्या नोंदी, एखादी चालूच राहिलेली सर्व्हिस. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या सेवा केंद्रांत एकाच संगणकावर प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सही, मराठी टायपिंग अशी सगळ्यांची सॉफ्टवेअर नांदतात. तिथे जुना ड्रायव्हर अर्धवट राहिला, तर ऐन गर्दीत नवा प्रिंटर रुसू शकतो.

हे उरलेसुरले काढायला वेगळी टूल्स आहेत. रेवो अनइन्स्टॉलर किंवा मोफत, मुक्तस्रोत बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर यांसारखी टूल्स आधी मूळ अनइन्स्टॉलर चालवतात आणि मग उरलेल्या फाइली व नोंदी शोधून यादी दाखवतात. खरी जोखीम इथेच. ‘सिलेक्ट ऑल’ करून मोकळे होणारे बरेच असतात. पण दुसऱ्या प्रोग्रामची सामाईक फाइल गेली तर तोही बंद पडू शकतो. म्हणून आधी रिस्टोअर पॉइंट करावा. अँटिव्हायरस काढताना मात्र त्याच कंपनीचे खास रिमूव्हल टूल बरे.

‘रजिस्ट्री साफ करा, संगणक पळेल’ या जाहिरातींत फारसा दम नाही. साफसफाईचे सॉफ्टवेअरही मूळ संकेतस्थळावरूनच, तपासूनच घ्यावे. अर्थात तीही शंभर टक्के हमी नव्हे: 2017 मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्याच सॉफ्टवेअरच्या 5.33 या अधिकृत आवृत्तीतच हॅकरांनी घातक कोड घुसवला होता.