विद्युत दोषांमुळे मोटारगाडी सुरू न होणे

विद्युत दोषांमुळे मोटारगाडी सुरू न होणे म्हणजे टाकीत पुरेसे इंधन असताना आणि इंजिनाचे यांत्रिक भाग सुस्थितीत असताना केवळ बॅटरी, तारांची जोडणी, स्टार्टर किंवा प्रज्वलन यंत्रणेतील बिघाडामुळे इंजिन चालू न होणे होय. अशा बिघाडाचे निदान अंदाजाने न करता ठरावीक क्रमाने केल्यास बहुतेक वेळा मूळ कारण अल्प साधनांनी शोधता येते. बोलीभाषेत स्टार्टरला 'सेल्फ', तो फिरवण्याला 'सेल्फ मारणे' आणि बॅटरीतील विद्युतभार संपण्याला 'बॅटरी उतरणे' असे म्हणतात.

इतिहास

आरंभीच्या काळात मोटारगाडीचे इंजिन पुढील बाजूने लोखंडी हँडल फिरवून सुरू केले जाई. या कामास मोठे बळ लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिल्यास हात मोडण्याचा धोका असे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारगाडीत बसवण्यात आला आणि त्यानंतर तो सर्वत्र रूढ झाला. त्यासाठी लागणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्येच तयार केली होती.

भारतातील अँबेसेडर व जुन्या जीपगाड्यांना हँडलची सोय दीर्घकाळ होती. त्यामुळे बॅटरी उतरली तरी गाडी अडून राहत नसे. इंधन अंतःक्षेपण आणि संगणकीय नियंत्रण असलेल्या आजच्या गाड्यांत हा मार्ग उरलेला नाही. पुरेशा व्होल्टतेअभावी त्यांचा इंधनपंप आणि नियंत्रण संगणकच काम करीत नाही. विद्युत यंत्रणेवरील हे अवलंबित्व वाढल्याने तिची मूलभूत माहिती प्रत्येक चालकास आवश्यक ठरते.

विद्युत यंत्रणेची रचना

मोटारगाडीच्या बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरीचा ऋण ध्रुव जाड तारेने गाडीच्या सांगाड्यास व इंजिनास जोडलेला असतो. यास 'अर्थिंग' म्हणतात. धन ध्रुवापासून एक जाड तार स्टार्टरकडे आणि इतर तारा फ्यूजपेटीकडे जातात.

चावी फिरवल्यावर प्रज्वलन स्विचमधून अल्प प्रवाह रिले व सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड दोन कामे करतो. तो स्टार्टरचे लहान दंतचक्र पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये गुंतवतो आणि त्याच वेळी स्टार्टरकडे जाणारा मोठा प्रवाह जोडतो. लहान पेट्रोल गाडीत हा प्रवाह शंभर अँपिअरच्या वर जातो, डिझेल गाडीत तो आणखी अधिक असतो. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्टने बॅटरी पुन्हा भारित करतो.

प्रवाह इतका मोठा असल्याने जोडणीतील किरकोळ रोधही महाग पडतो. ओहमच्या नियमानुसार १५० अँपिअर प्रवाहाच्या मार्गात केवळ ०.०२ ओहम इतका अधिक रोध आला, तर ३ व्होल्टची घट होते. म्हणजेच चांगल्या बॅटरीचे १२ व्होल्ट स्टार्टरपर्यंत पोहोचतच नाहीत. दिवे मात्र थोड्या प्रवाहावर चालत असल्याने व्यवस्थित लागतात. 'दिवे लागतात, पण सेल्फ उचलत नाही' या नेहमीच्या तक्रारीचे एक कारण हे आहे.

लक्षणांवरून निदान

चावी फिरवल्यावर काय ऐकू येते व काय दिसते, यावरून दोषाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते.

१. फळीवरील दिवे व हॉर्न पूर्ण बंद: बॅटरी संपूर्ण उतरली आहे, तिची जोडणी निसटली आहे किंवा मुख्य फ्यूज जळाला आहे.

२. एकामागोमाग जलद टकटक: सोलेनॉइड ओढला जातो, पण स्टार्टरने भार घेताच व्होल्टता कोसळते व तो सुटतो. बॅटरी अशक्त किंवा जोडणी सैल असल्याचे हे लक्षण आहे.

३. एकच ठळक 'टक' आणि पुढे शांतता: सोलेनॉइडचे संपर्क जळलेले, स्टार्टरचे कार्बन झिजलेले किंवा अर्थिंग खराब असण्याची शक्यता असते.

४. दिवे प्रखर, पण आवाज मुळीच नाही: प्रज्वलन स्विच, स्टार्टरचा रिले व त्याचा फ्यूज तपासावा. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय, तर स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत 'पी' किंवा 'एन' स्थितीशिवाय स्टार्टरकडे प्रवाह जात नाही. त्यासाठीचा स्विच बिघडल्यासही हेच लक्षण दिसते.

५. इंजिन मंद गतीने फिरते: बॅटरी अर्धवट उतरलेली असते किंवा जोडणीत रोध असतो.

६. इंजिन नेहमीच्या गतीने फिरते, पण पेट घेत नाही: बॅटरी व स्टार्टर निर्दोष आहेत. दोष इंधनपंपाचा फ्यूज किंवा रिले, प्रज्वलन कॉइल, स्पार्क प्लग, क्रँक संवेदक अथवा चोरीरोधक यंत्रणेत शोधावा.

सहाव्या प्रकारात बॅटरी बदलून काहीही साध्य होत नाही. उलट वारंवार सेल्फ मारल्याने चांगली बॅटरी उतरते आणि स्टार्टर तापतो. एका वेळी साधारण दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ सेल्फ मारू नये व दोन प्रयत्नांत थोडा अवधी द्यावा.

तपासणीचा क्रम

तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी. प्रथम गाडी न्यूट्रलमध्ये आणून हातब्रेक ओढावा. बोनेट उघडून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांच्या पकडी हाताने हलवून पाहाव्यात. त्या फिरत असतील तर पाना लावून आवळाव्यात. टर्मिनलांवर साचलेला पांढरा किंवा हिरवट थर प्रवाहास अडथळा आणतो. पकडी सोडवून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, संपर्काचा भाग पॉलिश कागदाने घासावा आणि पुन्हा आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये.

यानंतर मल्टिमीटरने व्होल्टता मोजावी. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भार, १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण अर्धा भार आणि ११.९ किंवा त्याहून कमी म्हणजे बॅटरी उतरलेली, असे समजावे. सेल्फ मारताना व्होल्टता सुमारे ९.६ च्या खाली गेल्यास बॅटरी अशक्त आहे. ती पूर्ण भारित करूनही असेच घडत असेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे.

बॅटरी उत्तम असूनही स्टार्टर फिरत नसेल, तर जोडणीतील व्होल्टतेची घट मोजतात. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण ध्रुवावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून सहायकास सेल्फ मारण्यास सांगावे. घट ०.२ व्होल्टपेक्षा बरीच अधिक असेल, तर अर्थिंगची तार किंवा तिचा बोल्ट सदोष आहे. धन बाजूची तारही याच रीतीने तपासता येते.

मल्टिमीटर जवळ नसल्यास हेडलाइट लावून सेल्फ मारावा. प्रकाश जवळजवळ विझल्यास बॅटरी किंवा तिची जोडणी, आणि प्रकाश मुळीच न बदलल्यास स्टार्टरकडे प्रवाह न जाणे, असा स्थूल निष्कर्ष काढता येतो. पेट्रोल अंतःक्षेपणाच्या बहुतेक गाड्यांत चावी 'ऑन' करताच मागील बाजूने एक-दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते. ती येत नसेल, तर पंपाचा फ्यूज व रिले पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचाच फ्यूज घालावा. तार गुंडाळून काम भागवल्यास वायरिंग पेटू शकते.

फळीवर चावीचे चिन्ह लुकलुकत राहिल्यास चोरीरोधक यंत्रणेने चावीतील चिप ओळखलेली नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी दुसरी चावी वापरून पाहावी. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत चावीतील लहान सेल संपला असल्यास अनेक गाड्यांत चावी बटणाला चिकटवून धरल्याने ती ओळखली जाते.

बॅटरी उतरण्याची कारणे

गाडी बंद असतानाही घड्याळ, संगणकाची स्मृती आणि गजर यांना थोडा प्रवाह लागतो. तो साधारणतः ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी असावा. या हिशेबाने ३५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी होण्यास सुमारे २९ दिवस लागतात, आणि सेल्फ उचलण्याचे बळ त्याच्या पुष्कळ आधी संपते. याउलट डिकीतील ५ वॉटचा दिवा चालू राहिल्यास दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजेच दोन दिवसांत गाडी अडते. नंतर बसवलेले ध्वनिसंच व जादा दिवे फ्यूजशिवाय जोडणे आणि उंदरांनी तारा कुरतडणे, हीदेखील नित्याची कारणे होत. अल्टरनेटरचा पट्टा सैल असल्यास किंवा गाडी नेहमी अगदी थोड्या अंतरासाठीच वापरली गेल्यास बॅटरी पूर्ण भारित होत नाही. फळीवरील बॅटरीचे लाल चिन्ह इंजिन चालू असताना लागल्यास भारण यंत्रणेत दोष आहे.

हवामान व ग्रामीण परिस्थिती

मराठवाड्यात उन्हाळ्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि आतील पट्ट्यांची झीज वेगाने होते. हिवाळ्यात परभणी परिसरातील किमान तापमान काही वेळा एक आकडी होते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते व इंजिनातील तेल घट्ट झाल्याने स्टार्टरला अधिक बळ लागते. त्यामुळे उन्हाळ्यात झालेली हानी बहुधा हिवाळ्यातील पहाटे उघड होते. डिझेल गाड्यांत थंडीच्या वेळी हीटर प्लगचे चिन्ह विझल्यानंतरच सेल्फ मारावा.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी या माहितीचे मोल शहरापेक्षा अधिक आहे. फाट्यावर रात्री गाडी अडली, तर ती सेलू, जिंतूर किंवा परभणीपर्यंत ओढून नेण्याचा खर्च अनेकदा दुरुस्तीहून मोठा असतो. गाडीत रुग्ण किंवा बाळंतीण असेल, तर प्रश्न खर्चापुरता राहत नाही. अशा वेळी दुरुस्तीत वेळ न दवडता १०८ या रुग्णवाहिका सेवेस किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकास दूरध्वनी करणे योग्य ठरते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे. सैल पकड, जळालेला फ्यूज किंवा उतरलेली बॅटरी हे दोष मात्र एक पाना, टॉर्च, जादा फ्यूज आणि जंपर तारा जवळ असल्यास जागेवरच दूर होतात.

दुसऱ्या बॅटरीने सुरू करणे

दुसरे वाहनही १२ व्होल्टचेच असावे. ट्रॅक्टरची बॅटरी सामान्यतः १२ व्होल्टची असते. मात्र अनेक मालमोटारी व बसगाड्यांत २४ व्होल्टची यंत्रणा असून तिला मोटारगाडी जोडल्यास संगणकासह सर्व उपकरणे जळू शकतात. जोडणीचा क्रम असा:

१. लाल तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन ध्रुवास जोडावे.
२. लाल तारेचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन ध्रुवास जोडावे.
३. काळ्या तारेचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण ध्रुवास जोडावे.
४. काळ्या तारेचे दुसरे टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, जोडावे.

शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने ती ठिणगी बॅटरीजवळ पडू देणे धोक्याचे असते. चांगले वाहन काही मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा. गाडी सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात.

हाताने बदलावयाच्या गिअरची गाडी ढकलूनही सुरू करता येते. चावी 'ऑन' करून, दुसरा गिअर टाकून व क्लच दाबून गाडी ढकलतात आणि वेग आल्यावर क्लच सोडतात. बॅटरी पूर्ण रिकामी असल्यास हा उपाय चालत नाही. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांस तो वर्ज्य आहे.

सुरक्षितता

बॅटरीतील सल्फ्युरिक आम्लाने त्वचा व डोळे भाजतात. डोळ्यात आम्ल गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहून त्वरित डॉक्टरांकडे जावे. बॅटरी तपासताना आगकाडी किंवा कंदील जवळ आणू नये. बॅटरी काढताना प्रथम ऋण तार सोडवावी व बसवताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना सांगाड्यास लागून ठिणगी पडत नाही. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल किंवा विहिरीचे पाणी नव्हे. शिसे विषारी असल्याने जुनी बॅटरी फोडू वा फेकू नये, विक्रेत्याकडे परत करावी. भारतात याबाबत बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत.

हेही पहा

- शिसे-आम्ल बॅटरी
- अल्टरनेटर
- अंतर्ज्वलन इंजिन
- ओहमचा नियम