संकटकाळची शिदोरी

पुण्याच्या पश्चिमेस कोथरूड हे उपनगर आहे. एके काळी ते शेतामळ्यांचे लहानसे गाव होते. आज तेथे उंच इमारती, रुंद रस्ते आणि दाट वस्ती आहे. परंतु जवळच्या टेकड्यांवर अजूनही थोडे रान टिकून आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी तेथील महात्मा सोसायटीत रहिवाशांना एक अनोळखी पाहुणा दिसला. वर्ण काळसर, खांदे भरदार, आणि पाय गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे. तो रानगवा होता.

रानगवा हा गोकुळातील सर्वांत मोठा वन्य प्राणी होय. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन एक हजार किलोपर्यंत भरते. असा प्राणी दारात उभा राहिला, तर ‘घरात बंदूक असती तर बरे झाले असते’ असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु तो विचार कसोटीला उतरत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून कोणालाही बंदूक बाळगता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याची शिकार करण्यास बंदी आहे. शिवाय कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी दाट वस्तीत चुकलेली गोळी कोणाला लागेल याचा नेम नसतो. आणि जखमी झालेले जनावर न दुखावलेल्या जनावराहून अधिक भयंकर होते.

त्या दिवशी कोथरुडात कोणीही गोळी झाडली नाही. तरीही गवा वाचला नाही. त्याला पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. कोणी ओरडू लागले, कोणी छायाचित्रे घेण्यासाठी मागे धावू लागले. भेदरलेले ते जनावर वाट फुटेल तिकडे कित्येक तास पळत राहिले. वनखात्याच्या लोकांनी मोठ्या प्रयासाने त्याला गुंगीचे औषध दिले व पकडले. पण भीतीने आणि अतिश्रमाने थकलेल्या त्या जिवाने त्याच दिवशी प्राण सोडला.

पुढे २२ डिसेंबर रोजी बावधन-पाषाण भागात दुसरा गवा आला. या खेपेस गर्दीला दूर ठेवण्यात आले आणि गव्याला परतीची वाट मोकळी मिळाली. तो सुखरूप रानात निघून गेला. दोन्ही प्रसंगी प्राणी एकाच जातीचा होता आणि शहरही तेच होते. फरक पडला तो माणसांच्या वागण्यात. संयम हे संकटकाळचे पहिले साधन होय, ते असे.

परंतु केवळ संयमाने भागत नाही. त्याच्या जोडीला काही साध्या वस्तू हाताशी असाव्या लागतात. त्यांत शिट्टीला पहिला मान द्यावा लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या घरांखाली असंख्य माणसे गाडली गेली. अशा ढिगाऱ्याखाली ओरडून ओरडून घसा बसतो आणि अंगातील शक्ती संपते. उलट शिट्टीचा तीव्र स्वर थोड्या श्वासात दूरवर जातो. थांबून थांबून तीन तीन शिट्ट्या देणे, हा मदत मागण्याचा संकेत अनेक देशांत ओळखला जातो.

दुसरी वस्तू विजेरी. जुन्नरकडील उसाच्या मळ्यांत बिबट्यांचा वावर असतो. तेथे रात्री एकट्याने जाऊ नये, हातात काठी व विजेरी घ्यावी आणि मोठ्याने बोलत चालावे, असे सांगितले जाते. माणसाची चाहूल आधीच लागली, तर बिबट्या बहुधा स्वतःच वाट सोडतो. काठी ही मारण्यासाठी नव्हे, तर पुढची वाट चाचपण्यासाठी व आवाज करण्यासाठी असते. मिरपूड मात्र जपूनच वापरावी. वारा उलटला, तर ती फेकणाऱ्याच्याच डोळ्यांत जाते.

यांखेरीज पिशवीत पिण्याचे पाणी, गूळ, फुटाणे, शेंगदाणे, मजबूत दोर, प्रथमोपचाराचे साहित्य, नेहमीची औषधे आणि प्लास्टिकच्या वेष्टनात बांधलेली महत्त्वाची कागदपत्रे असावीत. तातडीच्या मदतीचा ११२ आणि महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हे दूरध्वनी क्रमांक एका जाड कागदावर लिहून ठेवावेत. घाबरलेल्या माणसाला पाठ असलेले क्रमांकही आठवत नाहीत.

ज्यांचे मुख्य शस्त्र बंदूक, त्या सैनिकांनीही पुण्यासाठी एकदा निराळेच शस्त्र हाती घेतले होते. जुलै १९६१ मध्ये पानशेतच्या नव्या मातीच्या धरणाला धोका उत्पन्न झाला. भर पावसात, रात्रीच्या अंधारात, लष्कराचे जवान खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचीत राहिले. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलेच. त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. परंतु जवानांच्या त्या श्रमांमुळे मोलाचे काही तास हाती लागले. लोंढा रात्री झोपेत न येता दिवसाउजेडी आला, आणि अगणित लोकांना उंच जागी जाऊन जीव वाचविता आला. पाण्यावर गोळी चालत नाही; तेथे वाळूची पोतीच उपयोगी पडली.

संकटाच्या वेळी प्रत्येकास कोणाला तरी मारावयाचे नसते. बहुतेकांना केवळ तगून राहावयाचे असते आणि शेजाऱ्यालाही तगवावयाचे असते. त्यासाठी लागणारी शिदोरी कोणत्याही घरातील खुंटीवर टांगून ठेवता येते. तिच्यातील पाणी वरचेवर बदलावे, विजेरी पेटते की नाही ते पाहावे, आणि ती पिशवी कोठे आहे हे घरातील लहानात लहान मुलालाही ठाऊक असावे.