वितळवलेल्या रुपयांचा करंडक

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बीचे सामने झाले. पहिल्या रग्बी प्रीमियर लीगचे ते सामने. सहा संघ, प्रत्येक बाजूला सात गडी आणि चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो बगलेत मारून खुशाल पुढे धावावे. मात्र हाताने फेकायचा तो पुढे नाही, मागे किंवा बाजूलाच. प्रतिपक्षाने कमरेला मिठी घालून धावणाऱ्याला लोळवावे. ज्यांचे बालपण कबड्डीच्या मैदानावर गेले, त्यांना यात फारसे नवल वाटू नये.

मुंबईला हा खेळ अगदीच परका नाही. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो वर्षानुवर्षे चालत आला आहे. पण या खेळाशी आपल्या देशाचे सर्वांत जुने नाते पाहायचे, तर विलायतेतच जायला हवे.

तिकडे दरवर्षी हिवाळा सरता सरता सहा शेजारी देश एकमेकांशी रग्बी खेळतात. १८८३ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांनी आरंभ केला. १९१० मध्ये फ्रान्स आला, २००० मध्ये इटली. यांतले आयर्लंडचे प्रकरण मोठे विलक्षण. १९२१ मध्ये त्या बेटाची फाळणी झाली, सरहद्द पडली, पुढे रक्तही सांडले. पण रग्बीचा संघ एकच राहिला. डब्लिनचा आणि बेलफास्टचा गडी आजही एकाच हिरव्या सदऱ्यात उतरतो. फाळणी म्हणजे काय, हे घराघरांतून ऐकलेल्या आपल्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

या स्पर्धेत इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला जो करंडक असतो, त्याचे नाव ‘कलकत्ता कप’. १८७२ च्या नाताळात कलकत्त्याच्या साहेबलोकांनी रग्बीचा सामना भरवला आणि पुढच्याच वर्षी क्लब काढला. पण तिथली हवा या धसमुसळ्या खेळाला मानवेना; सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले. पाच-सहा वर्षांत क्लब मोडायची वेळ आली. आता शिल्लक पैशाचे काय करायचे? (मंडळ मोडताना शिलकीवरून काय रामायण होते, हे आपण जाणतोच!) या मंडळींनी बँकेतून चांदीचे २७० रुपये काढले आणि चक्क वितळवले. तेव्हाचा रुपया तोळाभर वजनाचा, म्हणजे २७० तोळ्यांचा ऐवज झाला! त्याचा करंडक घडला, तोही हिंदी कारागिरीचा: तीन नागांच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. क्लब बुडाला, करंडक मात्र विलायतेला गेला. १८७९ मध्ये एडिंबरोला त्याच्यासाठी पहिली लढत झाली, ती सुटली बरोबरीत.

करंडकाच्या नशिबी पुढे हालही आले. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री हे दोघे प्रतिस्पर्धी गळ्यात गळा घालून एडिंबरोच्या रस्त्यांवर निघाले आणि त्यांनी आपले हे २७० रुपये चेंडूसारखे लाथाडले. करंडक पार चेपला. शिक्षा ज्याच्या त्याच्या घरच्यांनी केली: रिचर्ड्स एका सामन्यापुरता बाहेर बसला, जेफ्रीला मात्र कित्येक महिने खेळता आले नाही. दुरुस्त झालेला मूळ करंडक आता इतका नाजूक झाला आहे की, विजेत्यांच्या घरी त्याची प्रतिकृतीच जाते.