म्युकरच्या वॉर्डामागची माणसं

महामारीत कान-नाक-घसा विभागाचं काम वाढतं की कमी होतं? दोन्ही होतं, आणि तेही सव्वा वर्षाच्या आत. एका सरकारी रुग्णालयाच्या ईएनटी विभागात काम करताना हे जवळून पाहिलं.

मार्च २०२० मध्ये ठरवून करायच्या शस्त्रक्रिया थांबल्या. नाकात दुर्बीण घालणं, कानामागचं हाड ड्रिल करणं, या सगळ्यात तुषार उडतात, म्हणून तीही कामं बंद. ओपीडी ओस पडली. पण नाकाची आतली वाट पाठ असलेले आमचे रेसिडेंट स्वॅब घ्यायला उभे राहिले, आणि कोविड आयसीयूतून ट्रॅकिऑस्टॉमीसाठी बोलावणी येऊ लागली.

मुठीची खूण

ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे गळ्यातून श्वासनलिकेत नळी बसवणं. एरवी हात बसलेलं काम. पण पीपीई किट आणि फेसशील्डमधून एकमेकांचं बोलणंच ऐकू येईना. श्वासनलिका उघडण्याआधी व्हेंटिलेटर क्षणभर थांबवावा लागतो, नाहीतर हवेबरोबर विषाणूही सर्जनच्या तोंडावर येतो. मग आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी खुणा ठरवल्या. त्यांनी मूठ मिटली की व्हेंटिलेटर थांबला, आता छेद घ्यायचा. नळी बसली की सर्जनने मान हलवायची. तेवढ्या वेळात सिस्टरची नजर ऑक्सिजनच्या आकड्यावरून हलत नसे.

सहा कुप्यांचं गणित

दुसऱ्या लाटेत तोच ओस पडलेला विभाग ओसंडला. कोविडमधून उठलेले, मधुमेह असलेले, स्टेरॉइड घेतलेले रुग्ण गाल बधिर झाला, डोळा सुजला म्हणून येऊ लागले. हा बुरशीचा आजार, म्युकरमायकोसिस; मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना त्याची नोंद बंधनकारक करायला सांगितलं.

निदान आधी मायक्रोबायोलॉजीत व्हायचं. आरटीपीसीआरच्या ढिगाऱ्यात बुडालेले तिथले तंत्रज्ञ आम्ही पाठवलेल्या नाकातल्या तुकड्याची काच हातातलं काम बाजूला ठेवून लावत. सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे धागे दिसले की रेसिडेंट तिथूनच ऑपरेशन थिएटरला फोन करायचा.

औषध होतं ॲम्फोटेरिसिन. लायपोसोमल प्रकाराचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम, कुपी ५० मिलिग्रॅमची. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ६ कुप्या, आणि त्याही कित्येक आठवडे. कुप्या टंचाईच्या, वाटप प्रशासनाकडून. साधा प्रकार वापरावा तर मूत्रपिंडावर ताण, पोटॅशियम घसरणार; म्हणजे किडनी विभागाची रोजची फेरी ठरलेली. शिवाय हे औषध सलाइनमध्ये चालत नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं. रुग्ण मधुमेही आणि बाटली साखरेची! रात्रपाळीच्या सिस्टर ग्लुकोमीटर घेऊन खाटेमागून खाट फिरत आणि इन्सुलिनचा मेळ घालत.

काकांचा चहा

बुरशी जबड्यात शिरली की वरचा जबडा काढावा लागे. एका काकांनी ऑपरेशननंतर जेवणच सोडलं. प्यायलेलं सगळं नाकातून परत येई आणि बोललेलं घरच्यांना समजत नसे. दंत विभागातल्या डॉक्टरांनी टाळूची पोकळी बंद करणारी प्लेट बनवली. ती बसवल्यावर वॉर्डातल्या मावशींनी मुद्दाम अर्धा कप चहा आणला. चहा पोटात गेला. काका स्पष्ट म्हणाले, “मावशी, साखर नाही घातलीत?” मधुमेही वॉर्डात साखरेचं नाव काढलं म्हणून सिस्टर रागावल्या, आणि रागावता रागावता हसल्याही.

जे आलेच नाहीत

या गर्दीत न आलेले रुग्ण मात्र दिसत नव्हते. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांचा अभ्यास लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. मार्च ते मे २०२० मध्ये, आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत, नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या होत्या. त्या टक्क्यांतली माणसं आम्ही पुढे ओपीडीत पाहिली. तंबाखूमुळे जिभेवर आलेली छोटी जखम एसटी आणि लोकल बंद असताना दाखवता आली नाही, ती मानेतल्या गाठीसकट आली. वाहणारा कान दुर्लक्षित राहिला आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडल्यावर आला.

पुढच्या साथीची तयारी करताना केवळ खाटा, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर मोजून भागणार नाही. कर्करोग आणि बिघडलेल्या कानासारख्या आजारांची ओपीडी वेगळ्या दारातून चालूच राहिली पाहिजे. प्रयोगशाळेतल्या आणि वॉर्डातल्या रिकाम्या जागा साथ येण्याआधी भरल्या पाहिजेत. साथ ओसरल्याची बातमी येते, तेव्हा अशा विभागांचं काम सुरू होत असतं.