‘क्वीन’चे ते चार चेहरे

काळ्याभोर पार्श्वभूमीवर चार चेहरे, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या आणि मधोमध छातीशी हातांची फुली केलेला फ्रेडी मर्क्युरी. हे ‘क्वीन’ या त्याच्या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ गाण्याचं चित्र, असं कुणीही छातीठोकपणे सांगेल. पण ते गाणं १९७५ अखेरचं. फोटो त्याच्या दीडेक वर्ष आधीचा, मार्च १९७४मध्ये आलेल्या ‘क्वीन टू’ या अल्बमच्या कव्हरवरचा. दिग्दर्शक ब्रूस गोवर्सने त्या गाण्याच्या व्हिडिओत तीच मांडणी पुन्हा उभी केली आणि भिंगापुढे लोलक धरून चेहऱ्यांची रांग लावली. सारं चित्रीकरण चारेक तासांत उरकलं. पुढे व्हिडिओ इतका गाजला की मूळ फोटोच त्याची नक्कल वाटू लागला.

फ्रेडी मुंबईत जन्मला, ही आपल्याकडची आवडती समजूत. फारुख बुलसारा, म्हणजेच फ्रेडी, या पारशी मुलाचा जन्म १९४६चा, झांझिबारमधला. महाराष्ट्राशी त्याचं खरं नातं पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचं. तिथल्या वसतिगृहात राहून तो पियानो शिकला, ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. पण म्हणून कव्हरवरच्या हातांच्या त्या फुलीत कुणी भारतीय मुद्रा शोधू नये. ती सरळ हॉलिवूडमधून उचललेली आहे.

फोटोग्राफर मिक रॉकला चित्रपटांच्या स्थिरचित्रांचे संग्राहक जॉन कोबल यांनी मार्लीन डीट्रिचचा एक फोटो दाखवला होता. ‘शांघाय एक्स्प्रेस’ या १९३२च्या चित्रपटाच्या वेळचा. वर उचललेला चेहरा, गळ्याजवळ हात. रॉकने तो फ्रेडीपुढे ठेवला, आणि डीट्रिचची जागा आपली हे फ्रेडीने लगेच ठरवून टाकलं. ग्राफिक डिझाइन शिकलेल्या, ‘क्वीन’चं बोधचिन्ह स्वतः रेखाटलेल्या या माणसाला अशा चित्राची ताकद सांगावी लागली नसणार. तरी कव्हरची कल्पना एकट्या फ्रेडीची म्हणणं रॉकवर अन्याय आहे.

चार डोकी कापून चिकटवली असावीत, अशीही शंका येते. तसं काही नाही. काळ्या पडद्यापुढे काळ्या कपड्यांतले चौघं, एवढंच. कपडे अंधारात विरघळतात, चेहरे आणि हात उरतात. बाकी करामत दिव्याची. धाराशिवच्या कुठल्याही स्टुडिओत पासपोर्ट फोटोला बसा, चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून उजेड समोरून देतात. इथे तो वरून सोडलाय. त्याने गालाची हाडं उजळतात, डोळे खोल जातात आणि माणूस एकदम गूढ दिसायला लागतो. युक्ती स्वस्तातली आहे, पण रॉकने ती अचूक वापरली.

बँडमधल्या काहींना हा फोटो जरा आढ्यतेचा वाटला होता. तेव्हा त्यांचं नाव फारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे ती धास्ती समजण्यासारखी. कव्हर उघडलं की आत याच चौघांचा पांढऱ्या कपड्यांतला दुसरा फोटो आहे, रॉकनेच काढलेला. तबकडीच्या दोन बाजूंनाही नावं दिली होती ती पांढरी आणि काळी.